आपल्या माणसांचं पाणी

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींचे फोन ती घ्यायची. गढूळ पाण्याला कंटाळलेले लोक दिवसभर तिच्यावर तोंडसुख घ्यायचे आणि ती साहेबांनी पढवलेलं "काम चालू आहे" ऐकवायची. काम नेमकं कुठे चालू आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

एके दुपारी फोनवर ओळखीचा आवाज आला. "अहो बाई, नळाला पाणी येतंय की चिखल? आमच्या नातीला सकाळपासून उलट्या होताहेत."

"बाबा, मीच बोलतेय," ती म्हणाली.

सासऱ्यांनी आवाज ओळखला. "मग तूच सांग सूनबाई, आता कुणाच्या दारात जाऊ?"

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "साहेब, आता माझीच पोर आजारी पडलीय. घरी काय सांगू?"

"अहो, आधी नाही का बोलायचं!" साहेब म्हणाले. "आपल्या माणसांचं काम अडतं का कधी?"

संध्याकाळपर्यंत तिच्या गल्लीतला फुटका पाइप बदलला गेला. पोरही सावरली. शेजारीण हंडा भरता भरता म्हणाली, "बरंय बाई, तुमची ओळख आहे!" ते तिला फार झोंबलं. इतके महिने जे जमत नव्हतं, ते अर्ध्या दिवसात कसं जमलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीतली एक आई फोनवर रडकुंडीला आली.

"ताई, फोन करून काही होत नाही," तिने त्या आईला सांगितलं. "शेजारणींना घेऊन इथेच या. साहेब आतच बसलेत."