फुलपाखरांच्या वाटेवरची पिन्ता

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव पिन्ता, म्हणजे ठिपकेवाली. मिचोआकानच्या डोंगरात माझा जन्म गेला. माझा धनी अबुन्दियो हिवाळाभर पाहुण्यांना माझ्या पाठीवर बसवून वर ओयामेल नावाच्या उंच सूचिपर्णी झाडांच्या रानात नेई. उत्तरेकडून दरवर्षी नव्या पिढीची, हे रान कधी न पाहिलेली केशरी फुलपाखरे येऊन तिथे इतकी लटकत, की फांद्या वाकत. उतरताना पाहुणे माझी मान थोपटत, साखर देत. तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

अबुन्दियो वारला, त्या वर्षी फुलपाखरे वेळेवर आली नाहीत. मृतांचा सण उजाडला. वारलेली माणसे या दिवशी फुलपाखरांसोबत घरी येतात, असे आमच्याकडे मानतात. माझी धनीण एउफेमिया हिने नवऱ्याच्या तसबिरीपुढे झेंडू मांडले, गोड पाव ठेवला. मग ती सारखी अंगणात येई, आभाळाकडे बघे, पुन्हा आत जाई. तिची घालमेल माझ्या खुरांत उतरली. दावे ओढून ओढून मी मान सोलून घेतली.

"वहिनी, किती वाट बघाल?" तिचा दीर लेओबार्दो म्हणाला. "फुलपाखरं नाहीत तर पाहुणे नाहीत. मग खायचं काय, वारा? वरची थोडी झाडं पाडू."

"तुमचा भाऊ त्यांना हात लावू देत नव्हता, भावोजी."

"भाऊ असता तर तुम्हाला विचारायला आलो असतो का?"

ती पाठ फिरवून आत गेली. ज्या वाटेने मी पाहुणे नेले, त्याच वाटेने मी ओंडके ओढले. वर, रानाच्या छपराला भोक पडले.

आणि काही दिवसांनी भर दुपारी फुलपाखरे आली. खिंडीतून आधी एक, मग पाच-दहा, मग सगळे आभाळच हलू लागले. पंखांची सळसळ पावसासारखी. एउफेमिया पिठाच्या हातांनी बाहेर धावली. "आलात! अहो, किती उशीर केलात!" ती कुणाशी बोलत होती, ते मला कळले.

फुलपाखरे त्या भोकाच्या कडेलाच लटकली. मग गार पाऊस झाला आणि मागोमाग कडाक्याची थंडी पडली. दाट रानात फांद्यांची गोधडी असते. तिथे ती उरली नव्हती.

सकाळी आम्ही वर गेलो, तर जमीन केशरी. मी पाऊल उचलेना. लेओबार्दोने लगाम खेचला, शिवी हासडली आणि मग त्याने खाली पाहिले.

"वहिनी... सगळीच मेली?"

"उचलून बघा."

त्याने एक फुलपाखरू तळहातावर घेऊन त्याच्यावर ऊन श्वास सोडला. पंख थरथरले. मग ती दोघे गुडघ्यांवर बसून, जिवंत असतील ती उचलून दाट फांद्यांवर ठेवत राहिली. बहुतेक मेलेलीच होती.

"दादाला कुठल्या तोंडानं भेटू?" लेओबार्दो पुटपुटला.

"तोंडाचं नंतर बघू. आधी रोपं लावा."

पावसाळ्यात ती रोपे मीच वर वाहून नेली. अजून ती माझ्या गुडघ्याइतकीच आहेत. माझे मात्र गुडघे गेले. आता मी अंगणात बांधलेली असते, पाठीवर कुणी बसत नाही, साखर कुणी देत नाही. तरी थंडीची चाहूल लागली, की खूर जागचे हलू लागतात, नजर खिंडीकडे जाते.

मित्रांनो, झाडावर घाव घालण्याआधी जरा थांबा. ज्याने ते झाड कधी पाहिलेलेही नाही, असे कुणीतरी त्याच्याच भरवशावर दूरवरून निघालेले असते.