एकट्याची ईद

खजुराला सदऱ्याच्या खिशातली लव चिकटली होती, आणि देठाच्या जागी एक चिमुकली वाळकी टोपी अजून शाबूत होती — ती आधी काढावी की खाताना आपोआप निघेल, एवढाच प्रश्न नुरुद्दीनपुढे आहे असं बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं. बाहेरून बघणारं कोणी नव्हतं. म्हणूनच तो खजूर इथं, झावळ्यांच्या खोपीत, फळीवर ठेवला होता. शेजारी सुताचा गुंडा, बांबूची सुई आणि मांडीवर रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. पावसाळा दोनचार दिवसांवर आला होता, होड्या वर ओढून झाल्या होत्या, आणि जाळी सांधून माळ्यावर टाकायची होती. जाळ्याला भोक कुठं आहे ते जाळं सांगतं. सुई कुठं घालायची तेही जाळंच सांगतं. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही.

आज तिसावा रोजा होता, पण तो बाकी सगळ्या बंदराचा. नुरुद्दीनची आज ईद होती. एकट्याची.

असं होऊ शकतं हे त्याला काल संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. खतीबचाचांनी — ते मशिदीचे पेशइमाम, वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला — त्याला हौदाशेजारी बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि चाचा जे सांगत ते किताबात असे. ‘चांद तू बघलंस तर तुझी ईद उद्यां. तू रोजो धरायचो नाय. धरलंस तर गुन्हो.’

‘आनी तुम्ही?’

‘आमी बघूक नाय. आमचो रोजो.’

‘चांद एकच मां, चाचा?’

‘चांद एकच. पण ईद करूक बघणारे दोन होये. तू एकलो.’ आणि मग खिशातून हा खजूर काढून त्याच्या तळहातावर ठेवत, ‘गुपचूप खा. कोणाक दिसाक नको. लोक म्हणतले नुरूनं रोजो मोडल्यान.’

गुपचूप. नुरुद्दीननं सुईत सूत भरून घेतलं. गुपचूप कसं खातात? तोंड तेच, दात तेच. लहानपणापासून त्याला हे कोणी नीट दाखवलेलं नव्हतं, आणि इतर पोरं हे कुठं शिकून आली होती तेही त्याला कधी कळलं नाही. त्याला कोणी विचारलं की तो सांगत असे. एवढ्या एका खोडीपायी त्याचं लग्न होता होता राहिलं होतं. मुलीच्या बापानं विचारलं, मुलगी पसंत आहे का, आणि त्यानं सांगितलं की अजून नीट बघितलेली नाही, तिच्या ओढणीचा वास फार होता. मुलीकडची माणसं जेवणाला न थांबता बोटीत बसली. त्याला वाटलं, भरतीची वेळ साधायची असेल.

मशिदीत मात्र असलं काही होत नसे. तिथं सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, एकाच दिशेला तोंड करून उभे राहत. जगात इतरत्र माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी राहतात आणि सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात, असं नुरुद्दीनचं निरीक्षण होतं. रांगेत कोणाचा चेहरा वाचावा लागत नाही. आता वाकायचं आहे हे आधीच ठाऊक असतं, आणि सगळे वाकतात. आता कपाळ टेकायचं, आणि सगळे टेकतात. चटईचा वास, दगडाचा गारवा, शेजाऱ्याच्या खांद्याचा दाब — कोणी अचानक पाठीवर थाप मारली तर त्याच्या अंगावर काटा येई, पण हा दाब येणार हे माहीत असे, म्हणून तो बरा वाटे. दिवसातून पाच वेळा तो माणसांत असे. एरवी तो माणसांजवळ असे.

अडचण नमाज संपल्यावर यायची. मग सगळे हात पुढे धरत, तळवे वर, आणि ज्याच्या त्याच्या ओठांची हालचाल सुरू होई. दुवा. इथं पाठ केलेलं संपतं आणि आपलं आपण बोलायचं असतं. काय बोलत असतील? कोणाशी, हे ठाऊक आहे. पण तो पलीकडे आहे हे यांना कसं कळतं — आवाज येतो? अंगाला काही लागतं? मी हात धरून बसलो आहे, मी वाट बघितली आहे, पोरगा होतो तेव्हा तर हातांना मुंग्या येईपर्यंत बसलो आहे. माझ्या हातात काही आलं नाही. वाईटही वाटलं नाही. पत्र्यावर पाऊस नसला की पाऊस नाही असं म्हणतात, तसं. मग मी हात खाली घेतले आणि चपला घालून बाहेर आलो, आणि त्यानंतर रोज तसंच करत आलो, आणि इतकी वर्षं ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही, कारण दुवा मागताना माणसं डोळे मिटतात.

मुख्तारभाई डोळे उघडे ठेवून दुवा मागत. बोटीवरची नोकरी सोडून गेल्या वर्षी ते कायमचे गावी आले होते आणि येताना मशिदीसाठी एक पेट्रोमॅक्स, घरासाठी एक दुर्बीण आणि गावासाठी पुष्कळ सुधारणा घेऊन आले होते. पेट्रोमॅक्स लगेच लागला. सुधारणा अजून उतरत होत्या. रमजान निम्मा झाला असताना एका संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं,

‘दुवा कित्याक मागणस नाय रे?’

‘कोणाकडे मागू?’

‘अल्लाकडे. आनी कोणाकडे, मामलेदाराकडे?’

लोक हसले. नुरुद्दीनही हसला, कारण सगळे हसले की हसायचं असतं हे तो शिकला होता. मग त्यानं उत्तर दिलं. ‘तो ऐकता काय ता माका कळणा नाय. तुमका कसा कळता?’

हा प्रश्न होता. त्याला खरंच हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या विषयावर कोणी त्याच्याशी बोलत होतं आणि मुख्तारभाई तर एडनपर्यंत जाऊन आलेले… तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. उत्तराऐवजी मुख्तारभाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर बराच गलका झाला. मशिदीत खोट्या मापानं सुकट विकणारे दोघे होते, भावाची आंब्याची कलमं दाबून बसलेला एक होता. पण ते सगळे दुवा मागत, आणि शिवाय पुढच्या रांगेत असत. खतीबचाचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ‘रोजे होवंदेत. ईद झाल्यार जमात बसतली, तेव्हां बघू नुरू रांगेत उभो रवात काय नाय तां.’

म्हणजे ईदपर्यंत, जमातीचे पंच बसेपर्यंत, त्याची जागा होती. नंतरचं नंतर.

सुतानं बोटाला काप दिला होता, तो आता झोंबला. त्यानं बोट तोंडात घातलं आणि लगेच काढलं — रोजा — मग आठवलं, की आज नाही.

काल सगळे धक्क्यावर होते. पश्चिमेला समुद्रावर ढग असे बसले होते की जणू कोणी रचून ठेवले आहेत, आणि किल्ल्याचा तट त्यांच्यापुढे काळा पडला होता. मुख्तारभाईंनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, लावली. रोजा सोडून झाला, नमाज झाली, लोक पुन्हा येऊन बघून गेले. बायकांनी घरोघर शेवयांचं दूध चुलीवर ठेवून पोरांना चारचारदा बातमीला पाठवलं होतं. शेवटी मुख्तारभाईंनी दुर्बीण पेटीत घातली, आणि जिथं दुर्बिणीला दिसत नाही तिथं आपण काय, अशा विचारानं सगळे वळले. नुरुद्दीन चांद शोधत नव्हता. ढगाला खाली एक फट होती, तिची कड बघायला त्याला बरं वाटत होतं, म्हणून तो थांबला होता. त्या फटीत चांद आला. सुईला अडकून राहिलेला एखादा सुताचा तुकडा असावा तेवढाच, किंचित कलता, फार पांढरा. होता. मग अर्धा होता. मग फट मिटली.

तो तिथंच उभा राहिला. सांगितलं की ईद. ईद झाली की जमात बसणार. जमात बसली की रांग… न सांगितलं तर उद्या रोजा, आणखी एक दिवस, आणखी पाच वेळा खांद्याला खांदा. कोणी विचारलेलं नव्हतं. न विचारलेलं न सांगणं हे काही खोटं नव्हे. त्यानं न सांगून बघितलं. धक्क्याच्या टोकापासून मशिदीच्या पायरीपर्यंत त्यानं ते न सांगता नेलं, आणि ते हातात उकळतं भांडं धरून चालण्यासारखं होतं. ठेवायला जागाच नव्हती.

‘चाचा, चांद बघलंय.’

मग पळापळ, धक्का, ढग. परत मशीद. खतीबचाचा म्हणाले, ‘अल्लाक साक्ष ठेवून सांग.’

‘चांद बघलंय. साक्षीचा माका म्हायत नाय, चाचा. तो थंय होतो काय नाय तां मी बघूक नाय.’

कोणी हसलं नाही म्हणून तोही हसला नाही. ‘ऐकलात?’ मुख्तारभाई म्हणाले. ‘आता ह्येच्या ग्वाहीर आमी ईद करूची?’

‘एकट्याच्या ग्वाहीर कोणाच्याच ईद होणा नाय,’ चाचा म्हणाले. ‘दुसरो कोण आसा?’

मागून कोणीतरी, ज्याच्या घरी दूध आटत होतं त्यानं, हळूच म्हटलं, ‘दुसरो मिळालो तर, चाचा?’

‘चांद दिसलेलो मिळाक होयो. ईद होयी असलेलो नको.’

दुसरा नव्हता. उद्या रोजा. आणि त्यानंतर हौदाशेजारी, हा खजूर.

पहाटे सहरीला आईनं, बिबीजाननं, हाक मारली तेव्हा त्यानं अंथरुणातूनच सांगितलं, ‘माझी आज ईद आसा, मा.’ ती कंदील घेऊन जवळ आली. सगळं ऐकून घेतलं. मग ती त्याच्या पायांशी बसली, आणि म्हणाली, ‘नुरू, तू बघलंस म्हणजे बघलंस. मग माझीय ईद जाता मां?’

‘तू बघूक नाय.’

‘मी तुका बघलंय मां.’

याचा अर्थ लावायचा त्यानं दिवसभर प्रयत्न केला होता. त्या वेळी त्यानं एवढंच म्हटलं की चाचांनी तसं सांगितलेलं नाही. आणि ती उठली, एकटीनं भात खाल्ला, पाणी प्याली, रोजा धरला. तेव्हापासून घरात दोन वेगळे दिवस चालू होते.

आता दुपार कलली होती आणि खजूर फळीवरच होता. खाल्ला नाही तर मी चांद बघितला नाही असं होतं. खाल्ला तर किताबातलं ऐकलं असं होतं, ज्याची ती किताब त्याचा पत्ता ठाऊक नसताना. सगळं बंदर उपाशी राहून हुकूम पाळत होतं. त्याला तोच हुकूम खाऊन पाळायचा होता. त्यानं देठाची टोपी नखानं काढली. ती वेगळी ठेवली.

‘रोजो आसा मां रे?’

दारात मुख्तारभाई होते. जाळं त्यांचंच होतं; ते झालं का बघायला आले असावेत. ओठ सुकलेले, नजर खजुरावर.

‘नाय.’

मुख्तारभाई आत आले. आता आवाज चढेल म्हणून नुरुद्दीननं सवयीनं खांदे आवळून घेतले. आवाज चढला नाही. ते सुताच्या ढिगाऱ्यावर टेकले आणि जाळ्याकडे बघत म्हणाले, ‘कसो होतो?’

‘काय?’

‘चांद, शिरां पडो तुझ्यार. कसो दिसलो?’

नुरुद्दीननं जमिनीवरच्या वाळूत बोटानं काढून दाखवला. किती कलता ते नीट जमेना म्हणून पुसून पुन्हा काढला. मुख्तारभाई वाकून बघत राहिले — दुर्बीण लावतात तसे, एक डोळा बारीक करून.

‘परवा जमात बसतली,’ ते म्हणाले.

‘होय.’

‘इचारतीत तेव्हां नुसतां व्हय म्हण. लोकांक व्हय होयां असतां. आनी काय नको.’

‘आनी तुमका?’

मुख्तारभाई उठले, दारापर्यंत गेले, आणि समुद्राकडे तोंड करून, खोपीकडे पाठ करून उभे राहिले.

‘खा,’ ते तसेच उभे राहून म्हणाले. ‘मी काय बघूक नाय.’

त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं ओली झाली होती. पाठ त्याला नेहमी आवडत आली होती. रांगेत समोर असते ती पाठच, तिला काही वाचावं लागत नाही, ती काही विचारत नाही. नुरुद्दीननं खजूर उचलला. लव पुसली. तोंडाशी नेला, आणि हात तिथंच राहिला. गुपचूप, चाचा म्हणाले होते. याहून गुपचूप काय असणार… आणि तरी त्याला वाटलं, या माणसानं वळावं. ओरडेना का, पण वळावं आणि बघावं, की हा नुरुद्दीन, आणि हा खजूर, आणि तो कालचा चांद होता. असं त्याला कधी वाटलं नव्हतं. काल ढगाच्या फटीपुढे उभं असतानासुद्धा नाही. तेव्हा चांद होता, तेवढं पुरेसं होतं. आता पुरेना. हात पुढे धरून, ओठ हलवून, ते सगळे रोज हेच तर मागत… पण ते त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेलं तो म्हणत नसे.

त्यानं खजूर चावला. बी दाताला लागली. पाठ हलली नाही. तो चावत राहिला, सावकाश, नेहमीपेक्षा थोडा मोठ्यानं.