उबवणीचा बाविसावा दिवस

बाविसाव्या दिवशी सकाळी सुनेने पेटीच्या काचेला कान लावला आणि बराच वेळ ती तशीच राहिली. मी दारात उभी होते. काही ऐकू आले का, हे विचारायला माझी जीभ रेटेना.

"काही नाही," ती आपणहून म्हणाली.

पेटी स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत होती. जुन्या कपाटाच्या फळ्यांची, झाकणाला काच लावलेली. आत वरच्या अंगाला गरम होणारी तार आणि खाली जाळीवर शहाण्णव अंडी. पंखा वगैरे नव्हता. एका बारीक वायरच्या टोकाला बोटाएवढी धातूची काडी होती. ती आतली ऊब मोजायची आणि पेटीबाहेरच्या छोट्या खोक्यावर आकडा दिसायचा. ऊब पुरेशी झाली की तार आपोआप बंद, कमी झाली की चालू. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात. ते कालच भरले होते आणि एकाही अंड्याला साधी चीर गेली नव्हती.

सून आधी पॅकिंगच्या कारखान्यात होती. सहा वर्षे खोकी दुमडून दुमडून तिचे उजवे मनगट कामातून गेले होते. भरलेला कप धरला तरी हात थरथरायचा. घरी बसून पिल्ले उबवायची आणि विकायची, ही कल्पना तिचीच. पहिली खेप वीज गेल्यामुळे वाया गेली. माझा मुलगा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो. त्याने तेव्हाच ठरवून टाकले की अजून एक खेप करून बघायची. तीही गेली तर पेटी देऊन टाकायची आणि हिने परत कारखान्यात जायचे. हिनेही मान हलवली होती. लावी पक्षी पाळणारा एक जण पेटी घ्यायला तयार होता. एकवीस दिवसांत निकाल लागणारच, म्हणून मुलाने त्याला बाविसाव्या दिवशी संध्याकाळी पाचला टेम्पो घेऊन यायला सांगितले होते.

सून ओट्याशी बसून फोनवर शोधत होती. तिची शोधायची पद्धत म्हणजे तीनचार शब्द टाकायचे आणि सगळ्यांत वर येईल ते उघडायचे. वर येणारा माणूस ठरलेला होता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो हजार पिल्लांच्या मध्ये उभा राहतो आणि लाखो लोक त्याला बघतात. तो सांगत होता की एकविसाव्या दिवसानंतर अंडी ठेवू नका, ती मेलेली असतात, आत सडून फुटतात आणि पेटी कायमची खराब होते. त्याच्याखाली दुसरा होता, तोही हेच सांगत होता. तिसरा तर पहिल्याचीच वाक्ये पाठ करून आला होता. पाच जण बघून झाल्यावर सुनेने फोन पालथा ठेवला.

तिने मुलाला फोन लावला. तो कुठल्यातरी ढाब्यावर थांबला होता, मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. तो रागावला नाही, आणि तेच जास्त लागले. जाऊ दे, म्हणाला, तू जमेल तेवढे केलेस. दुपारी अंडी काढून खड्ड्यात पूर आणि पेटी पुसून ठेव, त्या माणसाला घाण पेटी द्यायला नको.

ती बादली शोधायला मागे गेली आणि मी फोन उचलला.

मला वाचायला येऊ लागून फार वर्षे झालेली नाहीत. त्यामुळे पान हाती आले की ते शेवटपर्यंत वाचायचे, मधले सोडायचे नाही, ही सवय लागलेली. फोनवरही माझे तेच. शोधाच्या खोक्यात मी पत्र लिहिते. नमस्कारापासून सुरुवात, मग आपण कोण, काय झाले, कधीपासून झाले. सून हसते. म्हणते, आई, तिकडे कुणी बसलेलं नाही वाचायला. तिचे खरेच होते. त्या सकाळीही मी अंड्यांची सगळी हकीकत लिहिली, तर मला दोऱ्याच्या रिळांच्या आणि मनगटाच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसल्या.

पण खाली 'पुढचे पान' असते. ते वाचायचेच असते, अशी माझी समजूत होती. मी दुसरे वाचले, तिसरे वाचले. सगळीकडे पेट्या विकणारे. मागच्या दारी सून कुदळीने माती उकरत होती, तिचा आवाज येत होता. दर दोन घावांनंतर ती थांबायची. मनगट.

नवव्या पानावर बदके पाळणाऱ्या एका बाईची साइट होती. पिवळट पान, मोठाली अक्षरे, आणि फोटोत बदकांपेक्षा तिच्या चपलाच जास्त. ती कोंबड्यांचे काही सांगत नव्हती, पण पानाच्या तळाशी तिने लिहिले होते, 'माझ्या ओळखीचे लोक', आणि खाली चार नावे. त्यांतल्या एकावर बोट ठेवले तर गावठी औषधांचे पान निघाले. त्याच्या तळाशी आणखी नावे. नवख्या ठिकाणी पत्ता विचारत जावे, एकाने दुसऱ्याच्या दारात सोडावे, तशी मी चालले होते. मध्येच एक दार बंद निघाले, पान उघडलेच नाही. परत कसे फिरायचे ते नीट माहीत नव्हते. चुकून सगळे पुसले गेले असते तर?

तसे झाले नाही. दुसऱ्या एका नावावरून मी 'उबवणीच्या वह्या' या ठिकाणी पोचले.

तिथे ना चित्र, ना जाहिरात. नुसत्या वह्या, तीस वर्षांच्या. प्रत्येक खेपेची तारीख, अंडी किती, पिल्ले किती. मी वाचत गेले आणि थांबले. कारण त्या माणसाने मेलेलीही लिहिली होती. 'सगळी गेली. चूक माझी, पाणी घालायला विसरलो.' 'निम्मी गेली. कारण कळले नाही.' इस्त्रीच्या शर्टवाल्याचे एकही अंडे कधी वाया गेले नव्हते. याची शेकड्यांनी गेली होती. मला याच्यावर भरवसा ठेवावासा वाटला.

शेवटच्या पानावर लिहिले होते, 'विचारायचे असेल तर लिहा. मी रोज दुपारच्या जेवणानंतर उत्तरे देतो.' मी लिहिले. माझ्या पद्धतीने, पहिल्यापासून. पेटी कुणी बनवली, अंडी कुठून आणली, चौदाव्या दिवशी दिव्यासमोर धरली तेव्हा आत लाल शिरा दिसल्या. सून दिवसातून तीनदा अंडी फिरवते. ती काडी मध्ये लोंबकळून अंड्यांत अडकायची, मोडेल की काय अशी भीती वाटे, म्हणून चौथ्या दिवशी मी ती दोऱ्याने वर, तारेजवळच्या खिळ्याला नीट बांधली, तेव्हापासून काही त्रास नाही. सुनेचे मनगटही लिहिले. पाच वाजता टेम्पो येणार तेही लिहिले.

बारा वाजले होते. त्याचे जेवण कधी होते कुणास ठाऊक. आणि तो जिवंत तरी आहे का? शेवटच्या वहीवर मागच्या वर्षीची तारीख होती.

सून खड्डा करून आत आली, हात धुतले. मी तिला म्हटले, दुपारचे जेवण होऊ दे, मग काढू. तिला भूक नव्हती. मलाही नव्हती, पण मी मुद्दाम स्वयंपाकाला वेळ लावला. भाजी दोनदा निवडली. तिला ते कळत होते. एकला तिने बादली आणून पेटीशी ठेवली. दीडला मी पाय दुखतो म्हणून तिला तेल गरम करायला लावले. माझा पाय दुखत नव्हता. ती माझ्या पोटरीला डाव्या हाताने तेल चोळत होती आणि माझी नजर ओट्यावरच्या फोनवर होती.

दोनला सहा मिनिटे कमी असताना फोन वाजला. मी तो घेऊन खिडकीशी गेले आणि बोट ठेवून वाचू लागले.

'नमस्कार ताई. तुमचे पत्र दोनदा वाचले. बरे झाले सगळे लिहिलेत, नाहीतर मलाही कळले नसते. पंखा नसलेल्या पेटीत वर गरम आणि खाली गार असते. काडी अंड्यांच्या उंचीलाच हवी. तुम्ही ती तारेपाशी बांधलीत, म्हणून तिला लवकर ऊब लागली आणि तार लवकर बंद होत राहिली. अंडी अठरा दिवस गारठ्यात आहेत. काही मेली असतील. पण गारठ्यातली अंडी उशिरा फुटतात. पेटी एकदाच उघडा, काडी खाली आणा, कोमट पाण्यात पिळलेले फडके आत ठेवा आणि बंद करा. मग दोन दिवस हात लावू नका. मी खात्री देत नाही.'

मी ते पहिल्यापासून पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळी 'तुम्ही' हाच शब्द डोळ्यांत शिरला.  गेले दोन दिवस सून स्वतःला बोल लावत होती, पाणी कमी घातले असेल, फिरवताना धक्का लागला असेल. मी शेजारी बसून तिची समजूत घालत होते.

न सांगताही चालले असते. तिला पाणी आणायला पाठवायचे, तेवढ्यात दोरा तोडायचा, काडी खाली सोडायची. पिल्ले निघाली तर देवाची कृपा, नाही निघाली तर नशीब. हे मनात आले नाही असे मी म्हणणार नाही. चांगले आले, आणि दोरा तोडायला मी कात्रीही हातात घेतली. पण पेटी उघडून पुन्हा का बंद करायची, ते तिला काय सांगणार होते? आणि पुढच्या खेपेला तीच काडी तिने स्वतः वर बांधली असती, आईंनी दाखवलेली सोय म्हणून.

ती बादलीपाशी वाकली होती.

"अगं, थांब," मी म्हटले. "ती काडी मी वर बांधली ना, त्याने झालंय. अंडी मेली नसतील, गारठलीत. माझ्यामुळे."

तिने फोन माझ्या हातातून घेतला. ती भराभर वाचते. वाचून झाल्यावर तिने काचेतून आतल्या दोऱ्याकडे पाहिले. पांढरा दोरा, दुहेरी गाठ. मला वाटले, आता बोलेल. बोलली असती तर बरे झाले असते.

"कोण आहे हा?" तिने विचारले.

"माहीत नाही."

"नाव नाही, फोटो नाही. त्या दुसऱ्याला लाखो लोक बघतात."

"त्याची अंडी कधी मेलेलीच नाहीत गं," मी म्हटले. "याची मेलीत."

तिने जाऊन चुलीवर पाणी ठेवले, बोट बुडवून पाहिले, फडके मला पिळायला दिले, कारण तिला पिळता येत नाही. मी झाकण उचलले. तिने कात्रीने दोरा कापला, काडी दोन अंड्यांच्या मध्ये त्यांच्या उंचीला आणून वायर बाजूच्या खिळ्यात अडकवली. झाकण बंद केले. काडीने दाखवलेला आकडा बघता बघता खाली घसरला, जवळजवळ दोन अंशांनी. तेवढा गारठा अंड्यांनी अठरा दिवस सोसला होता. आम्ही दोघीही त्या आकड्याकडे बघत उभ्या राहिलो. तार लाल झाली.

पाचला टेम्पो आला. सुनेने दारातच त्याला सांगितले की दोन दिवसांनी या. तो कुरकुरला, टेम्पोचा फेरा फुकट गेला म्हणाला. सुनेने त्याला चहा दिला नाही. मग मुलाचा फोन आला. त्या माणसाने त्याला कळवले होते. आवाज चढलेला होता, पलीकडच्या खोलीतही ऐकू येत होता. कुठल्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून सडलेली अंडी घरात ठेवता, आई, तुला तरी काही वाटतं का. सुनेने त्याला काडीचे सांगितले नाही. दोन दिवस, एवढेच म्हणाली.

ती रात्र आणि पुढचा दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. मीठ द्या. पाणी तापलं. मी खोलीत वास घेत फिरत होते. सडल्याचा वास आला तर आधी मला यावा, तिला नको, असे वाटत होते. एकदा आलासा वाटला, तो ओल्या फडक्याचा निघाला. आणि मागच्या दारी तो खड्डा तसाच उघडा होता. तो बुजवावा असे दोघींपैकी कुणीच म्हणाले नाही.

चोविसाव्या दिवशी सकाळी मी झाडत होते. आतून तिची हाक आली नाही, काहीच आले नाही, म्हणून मी जाऊन पाहिले. ती काचेवर ओणवी झाली होती. कोपऱ्यातल्या एका अंड्याला तांदळाएवढे भोक पडले होते आणि आतून काहीतरी हलत होते. थांबले. पुन्हा हलले.

दुपारपर्यंत एकोणीस निघाली. ओली, काळपट, स्वतःच्या पायांवर पडणारी. एकाचा पाय वाकडा होता. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस. बाकीची पंचावन्न गप्पच राहिली. ती कुठे पुरायची आणि कुणामुळे गेली, हे मला कुणी सांगायला नको होते.

टेम्पोवाला फाटकाशी हॉर्न वाजवू लागला, तेव्हा सून दारातूनच ओरडून म्हणाली, पेटी द्यायची नाही. मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि तेच सांगितले. तो बराच वेळ बोलत राहिला, ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "निम्मी गेलीत. पण का गेली ते मला कळलंय. मी कारखान्यात जाणार नाही."

फोन ठेवून ती पेटीपाशी आली. पिल्ले एकमेकांना रेटत काचेच्या बाजूला आली होती.

"आई, त्या काडीला परत हात लावायचा नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

नाही लावणार, मी म्हटले. ती थोडी बाजूला सरकली, मलाही काचेतून दिसेल एवढी.