गाण्यानंतरची शांतता

“थांबा हं बाई, आधी घसा साफ करू द्या. आणि चाक जरा हळू फिरव गं!”

हा आवाज माझ्या कानी पडला, त्याला एक आयुष्य उलटून गेलं. पुढे कितीतरी गळे माझ्यासमोर गायले. पण माझी गोष्ट सांगायची तर पहिला आठवतो तो हाच आवाज.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अंगानं एखाद्या सुटकेसएवढा. माझ्या तोंडावर दोन गोल चकत्या आहेत, एकीवरची फीत दुसरीवर गुंडाळत जाते. लोकांना त्या डोळ्यांसारख्या वाटतात. पण मला डोळे नाहीत. खोली रिकामी आहे की भरलेली, बोलणारा हसतोय की रुसलाय, हे मी आवाजावरून ओळखतो.

कारखान्यात माझे स्क्रू आवळून झाले तेव्हा माझ्यापुढे कुणीतरी खोकलं. मी तो खोकला जसाच्या तसा परत ऐकवला आणि पास झालो. मग गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. काम करता करता माणसं जी गाणी म्हणतात, ती त्यांना गोळा करायची होती. होडी ओढणारे, माती तुडवणारे, कपडे धुणारे, सगळ्यांकडे त्या मला खांद्याला लटकवून नेत. “हा माझा धाकटा भाऊ,” त्या म्हणायच्या, “पण वजन मात्र थोरल्याचं!”

असंच एकदा आम्ही दोर वळणाऱ्या एका आईकडे गेलो. जागा लांबच लांब, वरून उघडी. तिथे आवाज भिंतीवरून परत येत नव्हता. बाई वहीत लिहिता लिहिता पुटपुटत होत्या, त्यातून मला कळलं: एका टोकाला लेक चाक फिरवायची. आई कमरेला तंतूंचा गुंडा बांधून एकेक पाऊल मागं सरायची, आणि तिच्या बोटांतून दोर वाढत जायचा. 

“माइकजवळ उभ्या राहून म्हणा ना,” बाई म्हणाल्या.

“उभ्यानं नाही हो येत. पाय चालले तरच तोंड चालतं माझं.”

लेक चाकाशी पुटपुटली, “हो, तू गा. हात माझे मोडू देत.” तिला पुढं शिकायला दूर जायचं होतं. चाक कोण फिरवणार, यावरून सकाळीच मायलेकींचं वाजलं होतं. माझं बटण दाबायच्या आधीपासून तिचं हुंदके गिळणं मला ऐकू येत होतं.

मग घसा साफ करून आई गाऊ लागली.

मागं मागं सरते मी, दोर माझा वाढं,
चाकापाशी लेक माझी, दिसे थोडं थोडं.
ताण धर लेकी जरा, सैल नको सोडू,
लांब गेले तरी मधला दोर नको तोडू.

कडव्यागणिक आवाज दूर जात होता. चाक कुरकुरत साथ करत होतं. गाणं संपलं, चाक थांबलं, आणि पार पलीकडच्या टोकावरून आईनं हाक दिली, “कसं झालं गं?”

लेक काही बोलली नाही. बाई बटणावर बोट ठेवून वाट पाहत राहिल्या. खूप वेळानं खट् झालं.

वर्षं गेली. बाईंच्या घरी पाहुणे येत, गाणी ऐकत, माझी पाठ थोपटत. बाई थकल्या तेव्हा त्यांनी मला आणि सगळ्या फितींना एका ग्रंथालयाला दिलं. तिथे आम्ही कपाटात गेलो. धूळ पडते तेव्हा आवाज होत नाही. त्यामुळे किती बसली ते मला सांगता येणार नाही.

मग ग्रंथालयात नवं वारं आलं. पुस्तकांची पानं, जुने नकाशे, फोटो, सगळ्यांच्या प्रती संगणकात जाऊ लागल्या. याला डिजिटल ग्रंथालय म्हणतात. त्याला दार नाही, कुलूप नाही. घरबसल्या कुणीही यावं, वाचावं, ऐकावं. फिती उतरवायचं काम एका तंत्रज्ञाकडे होतं. सगळे त्याला कात्री म्हणत. भाड्यानं आणलेल्या यंत्रावर तो फीत लावी आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तेवढं ठेवून बाकीचं कापून टाकी. खोकणं, बोलणं, गप्प राहणं, सगळं बाद. त्याचा हेतू वाईट नव्हता. ऐकणाऱ्याला स्वच्छ गाणं मिळावं, एवढंच. काम झालं, यंत्र परत गेलं, आणि फितींसकट मला भंगारासाठी मागच्या दाराशी ठेवलं.

एके दिवशी एक म्हातारा आवाज आत आला. “दोराचं गाणं तुमच्याकडचं ना? दूरदेशी राहते मी, तिथं नातीनं मोबाइलवर लावलं. आईला ओळखलं मी. पण पुढचं कुठं आहे?”

“पुढं काही नाही, आजी,” कात्री म्हणाला. “गाणं संपलं. नंतरची नुसती शांतता होती, ती कापली.”

“त्या शांततेतच माझं काम आहे, बाळा.”

मग मागच्या दाराकडे धावत येणारी पावलं मी ऐकली. भंगारवाला हातगाडी वळवत होता. “अहो मामा, तेवढं खाली ठेवा!”

माझा रबरी पट्टा वाळून तडकला होता. फितीवर आवाज धरून ठेवणारी भुकटी झडत होती. “एकदाच वाजेल कदाचित,” कात्री म्हणाला. तो पट्टा बदलतोय, स्पिरिटच्या बोळ्यानं माझे कान पुसतोय, तोवर तुम्हाला सांगून घेतो. मित्रांनो, जुन्या आवाजांच्या, कागदांच्या प्रती जरूर काढा. पण एक प्रत पूर्ण ठेवा, खोकल्यासकट. दुसरी वेगळ्या जागी ठेवा. कोण बोललं, कुठे, कधी, ते सोबत लिहा. नवी यंत्रंही म्हातारी होतात. म्हणून अधूनमधून ती प्रत पुढच्या यंत्रात उतरवा. आणि मूळ वस्तू टाकू नका. काय महत्त्वाचं, हे कापणाऱ्याला कळतंच असं नाही.

कात्रीनं मला संगणकाला जोडलं. “या वेळी काही कापणार नाही,” तो म्हणाला आणि बटण दाबलं.

घसा साफ झाला. चाक कुरकुरलं. आई मागं मागं सरत गेली. मध्ये फीत अडखळली, आजींचा श्वासही अडखळला. पण फीत सुटली आणि पुढे चालली. गाणं संपलं. लांबून, भुकटीतून, आवाज आला, “कसं झालं गं?”

त्यानंतर ती जुनी शांतता. सूं सूं करत फीत फिरत होती.

मग माझ्या अगदी जवळ येऊन आजी म्हणाल्या, “छान झालं, आई. तेव्हाही छानच झालं होतं.”