डावा कान

सावळारामशी बोलायचं तर त्याच्या डाव्या हाताला बसायचं, हे तात्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. तरुणपणी सावळाराम धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या कारखान्यात कामाला होता. तो उभा राहायचा तिथे उजव्या अंगाला माग दिवसभर खडखडत, आणि त्यांनी त्याचा उजवा कान खाऊन टाकला. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी तात्या टेमघरहून एखादी कादंबरी घेऊन जात. कारखान्याच्या पायरीवर दोघे बसत आणि तात्या त्याच्या डाव्या कानाशी वाचत. सावळारामला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तुझ्या तोंडून बरं वाटतं, म्हणायचा. गोष्ट शेवटाशी आली की तो हात वर करून तात्यांना थांबवायचा आणि शेवट आधी स्वतः सांगायचा. पुष्कळदा लेखकापेक्षा त्याचाच शेवट बरा निघे.

त्याच्या बहिरेपणानेच त्याला पुढारी केलं. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं की तो डावा कान पुढे करी आणि म्हणे, "मोठ्यानं बोल, मला ऐकू येत न्हाय." ज्यांना जन्मभर सगळ्यांनी आवाज खाली कर म्हणून दटावलं, ती माणसं त्याच्यासमोर छाती भरून बोलायला लागली. मग त्यांनीच त्याला निवडून दिलं. एकदा दिलं, पुन्हा दिलं. आता त्याला सगळे साहेब म्हणतात. राहनाळला गोदामांच्या रांगेत त्याचं ऑफिस आहे, आणि शुक्रवार तात्यांच्या घरी नुसताच येतो नि जातो.

तात्यांची सगळी नोकरी वाचनालयात झाली. दुसऱ्यांची पुस्तकं देता-घेता हात थकले, तेव्हा निवृत्तीनंतर त्यांनी भीत भीत स्वतःची कादंबरी लिहायला घेतली. बैलांचा एक कळप आहे. धुक्यात वाट चुकू नये म्हणून कळप आपल्यातल्या सगळ्यांत मायाळू बैलाच्या गळ्यात घुंगूरमाळ बांधतो. सुरुवातीला तो बैल जागोजागी थांबतो, मागे राहिलेल्यांची चाहूल घेतो. पुढे त्याला माळेचाच नाद आवडू लागतो, आणि मग दुसरं काही ऐकूच येत नाही. तात्या बायकोला, सरलाताईंना, म्हणाले होते की हे नुसते बैल आहेत, त्यात कोणाला शोधू नकोस. त्यावर त्या म्हणाल्या, "बैलच आहेत हो. पण तो एक बैल मान वाकडी करून ऐकतो कसा?"

अडलं होतं ते शेवटाशी. एका सकाळी सगळा कळप त्या बैलाकडे येतो आणि म्हणतो, माळ काढ. पुढे काय? तात्यांनी दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं, दोन्ही खोटं वाटलं. छापखान्याची हेमाली बाकीची पानं लावून वाट पाहत होती. तात्या तिला म्हणाले, एका माणसाला वाचून दाखवायचं राहिलंय. तो चिडला तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फक्त त्याने एकदा हात वर करावा.

शुक्रवारी ते राहनाळला गेले. सावळारामच्या डाव्या हाताच्या खुर्चीत त्याचा कुमार नावाचा सहायक बसला होता. त्याने अदबीने उठून तात्यांना उजव्या बाजूची गादीची खुर्ची दिली. लेखकांसाठी ही मानाची, म्हणाला. बाजू बदलून द्या, एवढं तात्यांना म्हणवलं नाही. ते तिथेच बसले आणि वाचू लागले.

सावळाराम छान ऐकत होता. मान डोलावत होता, मधूनच "वा" म्हणत होता. माळ बांधलेला बैल न बघता वासराला तुडवून जातो, तिथेही तो "वा" म्हणाला.

तात्यांचा आवाज चाचरला. पूर्वी एक शब्द निसटला तर सावळाराम त्यांना सदऱ्याला धरून जवळ ओढायचा. आता तो मान डोलवायला शिकला होता. कळपाचं मागणं वाचून तात्यांनी विचारलं, "मग, काढू देईल का तो माळ?"

"फार सुंदर शेवट," सावळाराम म्हणाला. "छापून टाका, तात्या. प्रकाशनाला आम्ही येतो."

टाका. आम्ही. तात्यांनी कागद आवरले. तेवढ्यात कुमारला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला. तात्या उठले, दाराकडे निघाले, आणि काय वाटलं कोण जाणे, वळून डावीकडच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून ऊबदार होती.

"सावळ्या," ते कानाशी म्हणाले.

सावळाराम दचकून वळला. चेहऱ्यावरचं साहेबपण क्षणभर कुठल्या कुठे गेलं. "आरं, तू कवा आलास?"

तात्यांनी बैलाची गोष्ट पुन्हा थोडक्यात सांगितली. धुकं, माळ, वासरू. कळप आला तिथे सावळारामने हात वर केला.

"न्हाय काढू द्यायचा," तो हळूच म्हणाला. "माळ काढली का मागचं सगळं ऐकू येल ना रं. वासराचं पन. कसं सोसंल त्याला?"

तात्यांना त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. पण कुमार आत आला, खुर्चीमागे उभा राहिला. सावळारामने हात जोडले. "या, तात्या."

परतताना धामणकर नाक्यावर रिक्षातून उतरून तात्या थोडा वेळ उभे राहिले. माग बंद होते. मग ते छापखान्यात गेले आणि हेमालीच्या टेबलाशी बसूनच त्यांनी शेवटचं पान लिहिलं. बैल माळ काढू देत नाही. कळप दुसऱ्या वाटेने जातो. एक म्हातारा बैल तेवढा मागे राहतो आणि माळेच्या बैलाच्या डाव्या अंगाने चालू लागतो.

हेमालीने वाचून विचारलं, तो म्हातारा कशाला थांबला?

तात्यांनी ते वाक्य खोडायला पेन उचललं. मग टोपण लावलं. "राहू दे," ते म्हणाले.