चिठ्ठ्या जाळण्याचा कार्यक्रम

सरांची चार पुस्तकं होती आणि चारही पुस्तकांत मिळून एकच गोष्ट सांगितली होती: घाबरू नका. त्याआधी अकरा वर्षं सर विमा विकत होते, म्हणजे लोकांना घाबरवत होते. धंदा तोच होता, फक्त माल उलटा करून मांडला होता.

भाषणाच्या शेवटी चिठ्ठ्यांचा कार्यक्रम असायचा. प्रत्येकाने आपली सगळ्यात मोठी भीती चिठ्ठीवर लिहायची, खाली नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. मग सर सगळ्यांदेखत पेटी घमेल्यात उपडी करून काडी लावायचे. चांगली दणकट माणसं हुंदके द्यायची. आयोजक डोळे पुसत पुढच्या वर्षीची तारीख विचारायचे.

सरांच्या भावोजींच्या कारखान्याने त्यांना बोलावलं, तेव्हा ताईला कोण आनंद झाला. भावोजी तिथे तेवीस वर्षं क्रेन चालवत होते, छताखालून सरकणारी, वीस टन उचलणारी. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "काय सर, त्या चिठ्ठ्या खरंच जाळतोस, की नुसता देखावा?"

"राख आणून दाखवतो, भावोजी."

"तसं नाही रे. जळणार असेल तर माणूस खरं लिहितो."

"मग खरंच लिहा. नाहीतर उपयोग काय?"

"बाळ्या, आधी भात संपव," ताई म्हणाली. सगळ्या जगाचे सर तिच्या घरी बाळ्याच होते.

दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस चिठ्ठ्या जमल्या. सरांनी घमेलं पुढे ओढलं, तोच सुरक्षा अधिकारी धावत आला. सभागृहात काडी ओढायला बंदी होती. शंभर पावलांवर भट्टी धडधडत असताना हा नियम ऐकून लोक खो खो हसले. "मित्रांनो, मी बाहेर जाऊन माझ्या हाताने जाळतो. हा माझा शब्द!" सर गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर एचआरच्या मॅडम उभ्या होत्या. "द्या इकडे, सर. आमच्याकडे कागद फाडायचं यंत्र आहे. तुम्ही चहा घ्या."

सरांनी पेटी दिली आणि चहा घेतला. चहा चांगला होता.

चार दिवसांनी मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर चिठ्ठ्यांचे विषयवार गठ्ठे लावलेले होते: आजारपण, मुलं, वरिष्ठ, संकीर्ण.

"मला वाटलं, फाडल्या," सर म्हणाले.

"फाडणारच आहोत. नोंद झाली की." मॅडमनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. 'डाव्या डोळ्याने दिसत नाही. दीड वर्ष झालं. वर बसलो की भीती वाटते, खाली कुणाचं डोकं येईल.'

"क्रेनवर नऊ जण आहेत. सगळ्यांची तपासणी काढली, तर युनियन विचारणार, अचानक का? काय सांगू, चिठ्ठ्या वाचल्या? तुमचं घरातलं माणूस आहे ना त्या विभागात? अक्षर ओळखीचं वाटतं का बघा."

अक्षर न ओळखायला काय झालं! लग्नाआधी ताईला आलेली पत्रं चोरून वाचण्यातच सरांचं लहानपण गेलं होतं. तोच लांब शेपटीचा ळ.

सरांनी चिठ्ठी उलटी करून ठेवली.

"खाली माणसं चालतात, सर," मॅडम म्हणाल्या. हे खरं होतं, पंचाईत तीच होती. "आणि पुढच्या वर्षी आमच्या सहाही कारखान्यांत तुमचा कार्यक्रम ठेवायचं मी सुचवलंय." हेही खरं होतं. या दोनपैकी कोणत्या गोष्टीसाठी आपण तोंड उघडलं, हे सरांना पुढे स्वतःलाही नक्की सांगता आलं नाही.

"त्यांना खालचं काही काम द्याल ना?"

"अर्थातच."

"माझं नाव नको यायला."

"कुणाचंच येत नाही, सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

भावोजींना एकट्यालाच तपासणीला बोलावलं. खालचं काम काही निघालं नाही. तीन आठवड्यांत ते घरी बसले.

रविवारी सर भेटायला गेले. ताईने पाणी दिलं आणि ती आत गेली. भावोजी भिंतीला पाठ लावून बसले होते.

"लंबूने घात केला," ते म्हणाले.

लंबू म्हणजे क्रेनखाली उभा राहून हाताने इशारे करणारा, भावोजींचा बारा वर्षांचा जोडीदार.

"त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. हिलासुद्धा नाही. दीड वर्ष डाव्या अंगाला उभा राहून घसा फोडायचा बिचारा. बिचारा म्हणायची सवय बघ अजून जात नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं मी. पण ती तू जाळलीस. जाळलीस ना?"

हजार माणसांसमोर सरांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आताही लागला नाही.

"जाळली."

"मग तोच. दुसरं कोण?"

"भावोजी, असं एकदम कुणाला..."

"तुझं पुस्तक नको उघडूस आता."

बेल वाजली. ताईने दार अर्धवटच उघडलं. बाहेर लंबू होता. क्रेनच्या खुर्चीवरची भावोजींची उशी आणि जेवणाचा डबा घेऊन आला होता.

"वहिनी, दादा आहेत?"

"नाहीत."

"चपला दिसल्या म्हणून म्हटलं."

"ते सामान ठेवा तिथेच."

"वहिनी, आईशपथ सांगतो, मी कुणापाशी..."

ताईने दार लावून घेतलं. भावोजी मान खाली घालून ऐकत होते. जिन्यावर पावलं वाजेनात.

"गेला का बघ रे," ते म्हणाले.

सर उठले. दाराच्या भिंगाला डोळा लावून त्यांनी पाहिलं. डबा उंबऱ्याशी ठेवलेला होता. उशी काखेत धरून लंबू कठड्याला टेकून उभा होता, दाराकडे बघत.

"गेला," सर म्हणाले.