पिशवीतला अंतरपाट

बद्रीनाथ चितेगावाहून पेढे घेऊन आला तेव्हा वच्छलाबाई मेथी निवडत होत्या. क्रांती चौकामागच्या त्यांच्या घरी धाकट्या भावाचं येणं नेहमीचंच. आजचं निमित्त मात्र त्याच्या धाकट्या लेकीचं, सारजाचं होतं.

"रविवारी साखरपुडा हाय, आक्का. तू सकाळीच ये."

"पोरगी दहावीत हाय ना रं?"

"नुसता साखरपुडा. लगीन मागाहून बघू."

वच्छलाबाईंनी पेढा हातात घेतला, पण तो तोंडापर्यंत जाईना. चौदा वर्षांपूर्वी हेच शब्द त्या स्वतः बोलल्या होत्या. तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीत फातू भाड्यानं राहायची. पश्चिम आफ्रिकेतून समाजकार्य शिकायला आलेली ही पोरगी एसटीनं गावोगाव फिरून बालविवाह थांबवायची, आणि मराठी अशी बोलायची की कंडक्टर तिकीट द्यायचं विसरत. बद्रीनाथच्या थोरलीसाठी, पंधरा वर्षांच्या मनकर्णासाठी, मांडव घातल्याचं कळताच तिनं विचारलं होतं, "मावशी, लगीन तर नाय ना?" वच्छलाबाई नजर चुकवून म्हणाल्या, "नुसता साखरपुडा हाय गं." फातूनं विश्वास ठेवला.

साखरपुडा म्हणून बोलवायचं आणि अक्षता टाकून मोकळं व्हायचं, ही युक्ती आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. ठाऊक नसल्यासारखं दाखवून आपण जेवून येतो. त्याच मांडवात लग्न लागलेली मनकर्णा वर्षभरात पहिल्या बाळंतपणात गेली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर फातूच होती. डोक्याला झगझगीत रुमाल बांधलेली, आता तिच्या देशाच्या संसदेतली खासदार.

"मावशी, लग्नाच्या वयाचा कायदा काल मंजूर झाला! भाषणात म्या मनकर्णाचं सांगितलं. म्हणलं, ती पोरगी माझ्यामुळं गेली. साखरपुड्यातलं लगीन मला वळखता आलं नाय."

आपलं पाप हे परदेशी लेकरू इतकी वर्षं डोक्यावर घेऊन फिरलं, या विचारानं वच्छलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फातू, चूक तुझी नाय. म्या खोटं बोलले. तुला सांगितलं तवा अंतरपाट माझ्याच पिशवीत व्हता."

फातूनं एवढंच विचारलं, "मावशी, तिची धाकटी बहीण आता केवढी झाली?"

वच्छलाबाईंनी भावाकडं पाहिलं. "बद्री, सारजाचा अंतरपाट कुनाच्या पिशवीत हाय?"

बद्रीनाथनं मान खाली घातली. बहिणीनं फातूचा फोन ठेवून दुसरा नंबर लावायला घेतला, तसा तो उठलाच. "आक्का, सख्ख्या भावावर उलटतीस? मला तोंड दाखवायला जागा राहायची नाय!"

"मागच्या खेपेला तुझं तोंड सांभाळलं, अन् पोरगी गेली."

लहान मुलांच्या हेल्पलाइनचा तो नंबर फातूनं जाताना कपाटाच्या दारामागं लिहून ठेवला होता. वच्छलाबाईंनी रविवारचा बेत आणि सारजाचं वय सांगितलं. सगळं ऐकून पलीकडच्या मुलीनं विचारलं, "आजी, तुमचं नाव गुप्त ठेवायचं ना?"

"नगं. लिव्ह, वच्छलाबाई, नवरीची सख्खी आत्या. अन् हेबी लिव्ह, मागच्या लग्नात अंतरपाट म्याच नेला व्हता."